लगाम सुटलेला राजा

बन्सीचा इतिहासाचा पेपर ज्यानं तपासला, त्यानं तो वाचलाच नाही. उगीच आडून आडून कशाला सांगायचं? त्यानं लाल पेन्सिल घेतली, पाचव्या उत्तरावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, बाजूला लिहिलं 'विषयांतर. टांगा, घोडा', पंधरापैकी शून्य दिलं आणि चहा मागवला. चहा बन्सीनं पाहिलेला नव्हता. रेघ मात्र पाहिली होती, आणि ती घाईची होती.

बन्सी शहागंजातला टांगेवाला. मूळ गाव देवगाव रंगारी. निजामाच्या राज्यात सातवीपर्यंत उर्दूत शिकला, कारण वरच्या वर्गांत दुसऱ्या भाषेत शिकायची सोयच नव्हती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या आणि खेड्यापाड्यांत मास्तर कमी पडायला लागले. मग खात्यानं परीक्षा काढली. पास होईल त्याला मास्तरकी. बन्सीला देवगावची शाळा हवी होती. तसं टांग्यावर त्याचं झकास चाललं होतं. घोडा गुणी, बायको त्याहून गुणी. पण ज्या शाळेत छड्या खाल्ल्या, त्याच शाळेत खुर्चीवर बसायची हौस होती. हौस काही गुन्हा नाही.

पुस्तक मिळालं व्यंकटराव वकिलांकडून. ते त्याचं रोजचं गिऱ्हाईक. मराठी आली तशी त्यांनी कपाटातली उर्दू पुस्तकं बाहेर काढली आणि युरोपातल्या राजांचं एक जाडजूड बाड टांग्यातच ठेवून दिलं. सवारी नसली की बन्सी स्टँडवर पाय पसरून वाचायचा. फ्रान्सचा चौदावा लुई त्याला फार आवडला. या गड्यानं बहात्तर वर्षं राज्य केलं. बंडखोर सरदारांना आपल्याच महालात आणून असं बसवलं, की सकाळी राजाचा सदरा कुणी धरायचा यावरून ते एकमेकांशी भांडायला लागले. बन्सीनं घोड्याचंच नाव लुई ठेवून टाकलं.

"लुई?" आवडाबाई, त्याची बायको, म्हणाली. "आवं, कापसाची ती रुई असती."

पुस्तकात असल्या राजाला एक लांबलचक शब्द होता. मुतलक-उल-इनान. छपाई पुसट, बन्सीनं तो 'इनाम' वाचला. पाटलाला इनाम, देवळाला इनाम, तसा ह्या बाबाला अख्खा मुलूखच इनाम! निजामाचं सर्फेखास तरी काय होतं? तालुकेच्या तालुके हुजुरांच्या खाजगी खर्चाला. अर्थ चपखल बसला आणि सहा महिने बसून राहिला. एके दिवशी त्यानं तो व्यंकटरावांना ऐकवला, तर ते टांग्यात पोट धरून हसले.

"इनाम नव्हे रे बन्सी, इनान! इनान म्हणजे लगाम. ज्याचा लगाम मोकळा सुटलाय, असा राजा."

बन्सीनं हातातल्या लगामाकडं पाहिलं. "हात्तिच्या मायला! अठरा वर्षं धरून बसलोय, अन् मलाच कळंना!"

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. 'अनियंत्रित राजेशाही म्हणजे काय? युरोपात तिला कोणते आव्हान मिळाले?' बन्सीनं मांडीवर थाप मारली आणि लिहिलं:

'लगाम सुटलेला घोडा मोकळा दिसतो. मागं टांग्यात बसलेल्यांना विचारा कसं वाटतं ते. असा राजा म्हणतो, मी जाब देईन तो देवाला. इंग्लंडच्या चार्ल्सनं अकरा वर्षं पार्लमेंट भरवलीच नाही. लढाई झाली, १६४९ साली त्याचं डोकं उडवलं. पण पुढच्यासाठी लगाम कुणी शिवून ठेवला नाही, म्हणून त्याच्या जागी आलेला सेनापतीही बेलगामच निघाला. पुढं चाळीस वर्षांनी लोक शहाणे झाले. डोकं कापलं नाही, नव्या राजाकडून लिहून घेतलं, की पार्लमेंटला विचारल्याबिगर करपट्टी बसवायची नाही आणि कायदा गुंडाळायचा नाही. फ्रान्सच्या लुईला लगाम कुणी घातला नाही. त्याची फळं त्याच्या वारसांनी भोगली.'

आता यात विषयांतर कुठं आहे, ते दाखवा.

पासाला पस्तीस लागत होते, बन्सीला सत्तावीस पडले. खात्यातला कारकून वैजनाथ ओळखीचा, त्यानं दार लोटून घेऊन पेपर दाखवला.

"पाहा अन् विसरून जा. पेपर तपासणाऱ्या साहेबांना कारण विचारत नसतात."

"का?"

"हेपण विचारत नसतात. बरं, उद्या दुपारच्या गाडीनं साहेब हैदराबादला निघालेत. टांगा घेऊन ये. सवारी तरी मिळेल."

घरी आवडाबाई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्यो तुमचा चारलस कुणाला जाब देत व्हता?"

"देवाला, म्हणायचा."

"अन् ह्यो साहेब?"

बन्सीनं चुलीत काटकी सारली.

"म्हंजी ह्यानं देवालाबी सोडलं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. बन्सीला हसू फुटलं. पेपर पाहिल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी लुईला खरारा झाला, डोक्यावर लाल तुरा चढला. साहेब पेटी मांडीवर घेऊन मागं बसले. शहर मागं पडलं, स्टेशनचा सरळ, मोकळा रस्ता लागला, तसा बन्सी पुढं पाहतच म्हणाला, "साहेब, पाचव्या प्रश्नाला शून्य का दिलं?"

"कोण तू?"

"टांगा, घोडा."

साहेबांना उमगायला थोडा वेळ लागला. "खात्याचा निर्णय अंतिम असतो. मुकाट्यानं टांगा हाक."

बन्सीनं लगाम लुईच्या पाठीवर टाकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. लुई म्हातारा, त्याला पळायचा कंटाळा, हे बन्सीला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं. लुईनं कान हलवले आणि आपल्या मनानं तो डावीकडं, रोजच्या पाण्याच्या हौदाकडं वळला. चाक खडीवर चढलं, टांगा एका अंगाला कलला. साहेबांनी पेटी छातीशी कवटाळली.

"अरे, लगाम धर! आधी लगाम धर!"

"विषयांतर हुतंय, साहेब."

"मागं माणूस बसलाय रे!"

"तेच लिव्हलं व्हतं म्या. दुसऱ्याच ओळीत."

हौदाशी लुई आपणहून थांबला आणि फुर्रर्र करून पाणी प्यायला लागला. ऊन छान पडलं होतं. बन्सीला एकदम बरं वाटलं. अगदी देवगावच्या शाळेत खुर्चीवर बसून पोरांना धडा दिल्यासारखं. त्यानं लगाम पुन्हा हातात घेतला, बैठकीखालून दोन कागद काढले आणि साहेबांपुढं धरले. रात्री बसून त्यानं पाचवं उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं.

"गाडी चुकू द्यायचो नाय तुमची. स्टेशन यायला पंधरा मिन्टं हायेत, तवर वाचा. वाचून शून्य दिलं तर जलमभर टांगा हाकीन, तोंडातून ब्र काढायचो नाय. पन न वाचता नाय, साहेब. वाचा अन् तोंडानं सांगा. शून्य का?"