चावडीतली रिकामी खुर्ची

उन्हं कलली की सेगामेत्सीच्या बाबांना गुरं आठवत. गुरं दुष्काळात कधीच मेली होती. पण तसं सांगितलं की ते नव्यानं हंबरडा फोडत आणि डोळे पुसून पुन्हा काठी शोधू लागत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "याला गोळी नाही, बाई. वाद घालू नकोस, हाताला काम दे आणि फाटक नजरेला पडू देऊ नकोस."

सेगामेत्सीने फाटकावर जुनं घोंगडं टाकलं आणि बाबांच्या पुढ्यात चामड्याच्या वाद्या ठेवल्या. तिचे म्हातारे बाबा, गाओलाथे, दुपारभर वाद्या विणत बसू लागले. घोंगड्याला ते भिंत समजत. तिला वाटलं, सुटले बाई एकदाची.

परवा ती पाणी भरायला गेली आणि घात झाला. बाबा कुंपणाशी येऊन "पोरी, फाटक उघड" म्हणाले. शेजारच्या मा तेबात्सोने घोंगडं सारलं, गुडघ्यात वाकून फाटक उघडलं, वर "सांभाळून जा हं, आजोबा" असंही म्हणाली! दुसऱ्या दिवशी ते रानातल्या बुजलेल्या विहिरीपाशी सापडले. ओठ फुटलेले, पायांत काटेच काटे.

"अगं, अडवायचं नाहीस का त्यांना?" सेगामेत्सी तिच्यावर उखडली.

"मी अडवू? माझ्या लग्नाची बोलणी करणाऱ्या माणसाला? कुठं निघालात विचारायची तरी माझी टाप आहे का!"

तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाट करून देतात, वाट अडवत नाहीत. उद्या दुसऱ्या कुणी असंच अदबीनं त्यांना मरणाच्या वाटेला लावलं असतं.

सेगामेत्सीने गावप्रमुखाचे पाय धरले. तो म्हणाला, "हात धरून परत आणता येतं ते फक्त लेकराला. ते लेकरू झालेत, असं चावडीत सांगावं लागेल. आणि ते तुलाच, पोरी."

बाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिने त्यांना सोबत नेलं. ते पहिल्या रांगेत, स्वतः विणलेल्या बुटक्या खुर्चीवर ताठ बसले. सेगामेत्सी उभी राहिली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"माझे बाबा आता लेकरू झालेत," ती म्हणाली. "वाटेत दिसले तर हात धरा. घरी आणून सोडा."

कुणी मान वर केली नाही. गाओलाथे मात्र उठले. त्यांना किती कळलं, देव जाणे. खुर्ची तिथंच सोडून ते मागं गेले आणि पोराटोरांत धुळीत मांडी घालून बसले. एका चिमुरडीने सरकून त्यांना जागा दिली.

"लेकरू विचारतंय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "गुरं तहानलीत. जाऊ का?"

सगळी चावडी सेगामेत्सीकडे बघू लागली. लेकराला "नाही" म्हणायला आता कशाचीच आडकाठी नव्हती, पण बाबांना तसं म्हणणं तिच्याच्यानं होईना.