हाल्सुमचं घड्याळ

स्केट्सच्या वाद्या आवळून रींकने गोठलेल्या कालव्यावर उडी घेतली, तेव्हा त्याची मुलगी जेमतेम अर्ध्या तासाची होती.

“नाव विसरू नकोस!” आल्त्ये खाटेवरून ओरडली.

“यिकेच ना?” आवाज आला आणि लांब गेलाही.

दुपारच्या बाराला दहा कमी होते. आज वर्षाचा शेवटचा दिवस. उद्यापासून सहा गावांची पालिका शहरात विरून जाणार. आल्त्येच्या पाच पिढ्या त्या एकाच जन्मवहीत होत्या. लेकही तिथेच हवी होती. पण कचेरी हाल्सुमला, तीन किलोमीटरवर, आणि कारकुनाने फोनवर बजावलं होतं: मनोऱ्यावरच्या घड्याळात बाराचे टोले पडले की वही बंद. नियम म्हणजे नियम.

“हाल्सुमवालेच ते,” सासू हिस्के म्हणाली. “बुडणाऱ्यालाही आधी अर्ज भरायला लावतील.”

आल्त्येने एका हाताने बाळ छातीशी धरलं, दुसऱ्याने दुर्बीण. सपाट कुरणांपलीकडे मनोरा स्वच्छ दिसत होता. कालव्यावर एक काळा ठिपका पळत होता.

“पडला! आई, पडला तो!”

“माझा मुलगा आहे, उठेल.” हिस्केने एप्रनआड बोटं एकमेकांत गुंतवली. “उठला का गं?”

“उठला! लोक बाजूला होतायत... आणि कचेरीपुढे बायका काहीतरी अंथरतायत. आई, जाजमं! थेट काठापासून दारापर्यंत! स्केट्स काढण्यात वेळ जाऊ नये म्हणून!”

“हाल्सुमच्या बायका? स्वतःच्या जाजमांवर स्केट्स? आण इकडे!”

हिस्केने दुर्बीण ओढून घेतली, तोच स्वयंपाकघरातल्या घड्याळाने बारा वाजवले. रींक अजून वाटेतल्या पुलापाशीच होता. आल्त्येने डोळे मिटून बाळाच्या टाळूवर ओठ टेकले.

“मनोऱ्यावर पाच कमी आहेत,” हिस्के म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाली, “अजून पाचच.”

आल्त्येने दुर्बीण डोळ्यांना लावली. तबकडीशेजारच्या झरोक्यातून एक म्हातारा कमरेपर्यंत बाहेर वाकला होता आणि त्याने लांब दांड्याचा झाडू मिनिटकाट्याला आडवा लावून धरला होता. खाली रींक जाजमांवरून धडपडत दारात शिरला.

थोड्या वेळाने झाडू आत गेला. मग बर्फावरून टोले येऊ लागले. बारा.

हिस्के स्टूल ओढून त्यावर चढली आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा काटा तिने मागे फिरवला.

“कधीची सांगतेय,” ती म्हणाली, “हे आपलंच पुढे धावतं.”