पदराला लागलेला रंग

जून महिन्यात आमच्या चामटोलीत जांभळं खाऊन सगळेच जांभळ्या तोंडानं फिरायचे. बदलापुरात गेलं तरी तेच. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणून शहाऐंशी साली बाबा निळसर ओठांनी घरी आले, तेव्हा घरात एकही माणूस घाबरला नाही.

वेणूआत्या तर चिडलीच. ती बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच दूध विकून वाढवलेलं, त्यामुळे त्यांना बोलायचा पहिला हक्क तिचा.

"क रं अनंता, एकट्यानंच झोडलीस? पोरांना चार जांभलं आनता नाय आली?"

"नाय खाल्ली गं," बाबा म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. डोकं दुखतंय, दम लागतोय, असं काहीतरी पुटपुटले. आत्याला ते ढोंग वाटलं. लहानपणीही चोरी पकडली की त्यांचं डोकं दुखायचं म्हणे. तिनं पदराच्या टोकानं त्यांचे ओठ खसाखसा पुसले.

पदर कोराच राहिला. ओठ निळेच. तिनं बाबांचा हात ओढून घेतला, तर नखंही निळी. आत्यानं बोलणं अर्ध्यावर सोडलं आणि टेम्पोसाठी शेजारी धावली. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

शेजारच्या मधूच्या टेम्पोतून बाबांना बदलापुरात डॉक्टर दीनानाथांकडे नेलं. त्यांनी रक्त काढलं. ते तांबडं नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं.

"अंगावर काही सांडलं होतं का?"

बाबा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात होते. "रंग करायचं ॲनिलिन सांडलं. पँट भिजली. म्हटलं घरी जाऊन बदलू."

डॉक्टरांनी ती पँट आधी उतरवायला लावली, पाय साबणानं धुवायला लावले आणि सुई भरली. आतलं औषध शाईसारखं निळं. आत्यानं डॉक्टरांचं मनगटच धरलं.

"माजा भाव आदीच निला परलाय, आनि तुमी त्याला आनखी निलं घालता?"

"वेणूबाई, तुम्ही दूध घालता ना? रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे तुमच्या किटल्या. छातीत प्राणवायू भरून घ्यायचा, अंगभर वाटायचा, पुन्हा भरायला यायचं. कातडीतून आत गेलेल्या या विषानं किटल्यांची झाकणं गच्च बसलीत. फिरतायत, पण भरत नाहीत. हे औषध झाकणं उघडतं. हात सोडा, नाहीतर याचा जीव जाईल."

आत्यानं बाबांकडे बघितलं. मग हात सोडला. तासाभरात बाबांच्या ओठांवर तांबूसपणा आला आणि आत्या दवाखान्यातच भोकाड पसरून रडली.

त्यानंतर दर जूनमध्ये पहिली जांभळं बाबांनाच. खाऊन झाली की आत्या भर ओटीवर त्यांचे ओठ पदरानं पुसायची, पदर उजेडात धरून रंग निघालाय का बघायची आणि "निंगला रंग" म्हणाली की मगच आम्हा पोरांसमोर टोपली यायची. आम्ही हसायचो. चाळिशीतला बाप्या मुकाट तोंड पुढे करून बसायचा.

सत्त्याण्णवच्या थंडीत आत्या गेली. पुढच्या जूनला जांभळं आली. बाबांनी चार खाल्ली आणि सवयीनं तोंड पुढे करून थांबले. मग त्यांच्या लक्षात आलं. डोळे भरले, पण तोंड काही मागे घेईनात.

मी ओढणीचं टोक घेतलं आणि त्यांचे ओठ पुसले.

"निंगला रंग," मी म्हटलं.