दिवाळीच्या अलीकडची पंचमी

"शब्द देताना घाई करायची नाही, शालिनी. आधी नटाला स्वतःला आठवतंय का ते बघायचं. अगदीच अडला तर पहिला शब्द द्यायचा. अख्खं वाक्य नाही."

भालचंद्रकाकांचं हे सांगणं तीस वर्षं शालिनीताईंच्या कानात होतं. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या हौशी मराठी नाट्यमंडळात त्या विंगेत वही घेऊन बसत आणि अडलेल्याला ओळ पुरवत. आवाज इतका मऊ, की पहिल्या रांगेलाही कळू नये, पण ज्याला हवा त्याला नेमका पोचायचा. सकाळी पूजा होईपर्यंत तर त्या मौनच पाळत.

चार वर्षांच्या खंडानंतर मंडळाचा हंगाम पुन्हा सुरू व्हायचा होता. तीन नाटकं ठरली होती. पहिलं भालचंद्रकाकांनी स्वतः लिहिलेलं, एकदाही न झालेलं. देवाघरी जाण्याआधी ते म्हणाले होते, "कार्तिक वद्य पंचमीला हे उभं राहू दे." मंडळ त्या तिथीला स्थापन झालं होतं, हंगामाचा नारळ दर वर्षी त्याच दिवशी फुटायचा. शालिनीताई "हो" म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या लेखी हो म्हणणं म्हणजे हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणंच.

यंदा तारीख कौस्तुभने काढली होती. जन्म भोपाळचा, शाळा भोपाळची, मंडळात नवा पण कामाला वाघ. त्याने फळ्यावर लिहिलं, 'पंचमी, ११ ऑक्टोबर'. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. हातात राहिला एक आठवडा, आणि मृणालचा तिसरा अंक अजून पाठ नव्हता.

"डोक्यात बसतच नाही हो," मृणाल म्हणाली. ती एम. पी. नगरात कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायची. "संध्याकाळपर्यंत दिमाग का दही झालेलं असतं."

"पोरांना मात्र सांगत असाल, रट्टा मारा म्हणून," सुधाकरराव म्हणाले. दिग्दर्शन त्यांच्याकडे होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी फाईल बंद करायची हौस गेली नव्हती. "हे नाटक राहू दे. पंचमीला आपला जुना फार्स लावू, सगळ्यांना पाठ आहे. भालचंद्ररावांचं पुढच्या वर्षी बघू."

शालिनीताईंनी वही मिटली. पुढच्या वर्षीवर ढकललेलं मंडळात कधी काही झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"तसंही अकराला येणार कोण?" मृणाल म्हणाली. "दहाला करवा चौथ. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याजणी दुसऱ्या दिवशी आडव्या."

चतुर्थी म्हणजे शालिनीताईंचीही संकष्टी. चंद्रोदय किती वाजता ते बघायला त्यांनी सवयीने पर्समधलं छोटं पंचांग काढलं आणि बोट तिथंच थांबलं. दहा तारीख, आश्विन वद्य चतुर्थी. त्याखाली अकरा, आश्विन वद्य पंचमी.

आश्विन. पंचांग बघितल्याशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या बाईने ही एक तारीख मात्र फळ्यावर वाचून खरी मानली होती. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. घाई करायची नाही.

"सुधाकरभाऊ, यंदा दिवाळी कधी आहे?"

"वीसला. का?"

"आणि पंचमीचा नारळ फुटल्यावर आपण काय खायचो?"

"काय म्हणजे? चिवडा. डब्याच्या तळाचा, मऊ पडलेला. आणि शोभाकाकूंच्या त्या चकल्या, ज्या कोणालाच..." सुधाकरराव थांबले. "दिवाळीचा चिवडा," ते हळू म्हणाले.

सगळ्यांनी कौस्तुभकडे बघितलं.

"मी पंचांग बघूनच काढली, काका. शेजारच्या पंडितजींचं. कार्तिक कृष्ण पंचमी, अकरा तारीख. कसम से."

"तुझं बरोबरच आहे रे," शालिनीताई म्हणाल्या. "इथल्या पंचांगात पौर्णिमा झाली की महिना बदलतो, आपला अमावास्येनंतर. अकराला त्यांचा कार्तिक लागलेला असेल, आपला आश्विनच चालू असेल. आपली पंचमी नऊ नोव्हेंबरला. रविवार आहे."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय, यंदा तिथ्या लवकर आल्यात म्हणून," सुधाकरराव पुटपुटले.

पण नाट्यगृह? कौस्तुभ फोन घेऊन बाहेर गेला. शालिनीताई पदराआड बोटांवर नाम मोजत राहिल्या. तो आत आला तेव्हा त्याचे कानसुद्धा हसत होते.

"नऊ तारीख मिळाली. अकरा दुसऱ्या कोणाला हवीच होती. म्हणाले, भैया, आपने हमारी मुश्किल आसान कर दी."

मृणालने सोडलेला सुस्कारा भिंतीपर्यंत ऐकू गेला. शालिनीताईंनी वही छातीशी धरली आणि मनातल्या मनात हात जोडले.

"ठीक आहे, नाटक हेच," सुधाकरराव म्हणाले. "पण मृणालबाई, महिना मिळाला म्हणून अंक आपोआप पाठ होत नाही. दिवाळीपर्यंत झाला नाही, तर फार्स."

"मला सकाळी सात ते आठच वेळ असतो. त्या वेळी घरी मला शब्द कोण देणार?"

"मी देते," शालिनीताई म्हणाल्या. "उद्यापासून येते."

"मावशी, तुम्ही कुठे, मी कुठे तिकडे कोटऱ्यात राहते. आणि तुमची पूजा?"

"देव काय, तासभर आधी उठतील."

दुसऱ्या दिवशी देव तासभर आधी उठले. दिवा लावून झाला, अथर्वशीर्ष मनात म्हणून झालं, पंचांगावरून बोट फिरलं. शालिनीताईंनी पिशवीत वही ठेवली, तिच्यावर मृणालसाठी प्रसादाची पुडी. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि त्या कोपऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. ऑटो थांबला.

"कोटरा," त्या म्हणाल्या. त्यांचा दिवसाचा पहिला शब्द.