पिलारच्या टेबलाशी

दीपाचा सगळा राग त्या पिलारवर होता. बाईला ती कधी भेटली नव्हती, पण सप्टेंबरपासून कॅलिफोर्नियातल्या, फ्रीमाँटच्या त्या घरात पिलारचं नाव निघालं की दीपाच्या कपाळाला आठी पडायची. कॉलेजचं एक सेमिस्टर करायला लेक सिया स्पेनला, ग्रनाडाला गेली आणि या पिलारच्या कुटुंबात राहायला लागली, एवढाच काय तो पिलारचा गुन्हा.

दीपाची दुपारची पाऊण म्हणजे तिकडची रात्रीची पावणेदहा. दोन मीटिंगांच्या मध्ये ती फोन लावायची आणि रोज तेच उत्तर यायचं.

"आई, वी आर ॲट द टेबल. नंतर करू?"

हे 'नंतर' दोन तासांनी उगवायचं, तेव्हा दीपा मीटिंगमध्ये अडकलेली असायची. जी मुलगी इथे ताट उचलून वर आपल्या खोलीत पळायची, ती परक्यांच्या घरी दोन-दोन तास जेवत बसते. आणि खाते काय, तर विकतचा पाव आणि गार सूप. इथे दीपाने वीस वर्षं तव्यावरची पोळी थेट पानात वाढली, दिवसभर ऑफिसात मान मोडून आल्यावरसुद्धा. आमच्याकडे गार पोळी कोणी खात नाही, असं ती मंडळातल्या बायकांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. पण पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

नोव्हेंबरात सियाने आपणहून फोन केला, तेव्हाच दीपाच्या मनात पाल चुकचुकली.

"आई, डिसेंबरमध्ये मी येत नाही. आय वाँट टु स्टे टिल मे. कॉलेज हो म्हणालंय. बाबा म्हणाले, आईला विचार."

"बाबा काय, माझ्यावर ढकलून मोकळे. एक सेमिस्टर ठरलं होतं, एकच. एवढं काय ठेवलंय गं त्या बाईच्या घरात?"

"पिलार आमच्याबरोबर बसते."

"म्हणजे?"

"जेवायला. सगळं टेबलवर ठेवते आणि बसते. मग आम्ही बोलतो. तू कधी बसलीच नाहीस, आई. यू वर ऑलवेज ॲट द स्टोव्ह. बाबा फोनवर. मी कोणाशी बोलणार होते?"

"मी बसले असते तर गरम पोळ्या कोणी केल्या असत्या?"

"मला गार चालली असती."

दीपाने फोन बंद केला. मरमर करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. वीस वर्षं पायांचे तुकडे पडले ते कोणासाठी?

त्या संध्याकाळी तिने इरेला पेटून पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या, सगळं टेबलावर मांडलं आणि नवऱ्यासमोर जेवायला बसली. केदार दचकलाच.

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. जेव."

तो जेवला. एका हाताने पोळी मोडत, दुसऱ्या हातातल्या फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत.

"आज काय झालं ऑफिसात?" दीपाने विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण काय ते सुचेना. आठ मिनिटांत त्याचं जेवण आटोपलं. ताट सिंकमध्ये ठेवून तो वर निघून गेला. पोळी गार होती हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

दीपाची पहिली पोळी अजून संपायची होती. मुलीला आपण याच टेबलाशी परत बोलावतोय, हे तिला एकदम लख्ख दिसलं. डिसेंबरात सिया येईल, ताट घेऊन वर जाईल, आणि तिला थांबवायला आपल्याकडे एक वाक्यसुद्धा नाही. तिला पिलारचा राग आलाच, पण तो आता टिकेना.

उजवा हात खरकटा होता. तिने डाव्या हाताने फोन ओढला आणि एका बोटाने लिहिलं, "मेपर्यंत राहा." पाठवून टाकलं. मग उरलेली पोळी संपवून तिने खाली आणखी एक ओळ लिहिली.

"जेवताना तुम्ही इतकं काय बोलता, ते मला एकदा सांग."