एक्कावन्न पूर्णांक सहा

चिमणीचा डबा सलग चौथ्या दिवशी जसाच्या तसा परत आला, तेव्हा घरात तीन मतं पडली. आईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "पोरीचं काहीतरी बिनसलंय." आत्यानं, म्हणजे चिमणीच्या बाबांच्या थोरल्या बहिणीनं, फक्त चष्मा कपाळावर सरकवला. मुलांच्या इस्पितळात तीस वर्षं परिचारिका म्हणून काढलेल्या बाईनं चष्मा कपाळावर सरकवणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. आणि बाबांनी वर्तमानपत्राआडून निकाल दिला, "उत्तम! आपोआप वजन उतरेल."

बाबांना या विषयात निकाल द्यायचा अधिकार होता. 'मुलांचा आहार, दिनक्रम आणि स्थूलता' असं भरभक्कम नाव असलेल्या एका संशोधनात ते शाळाशाळांतून मुलांची वजनं करत. कचेरीत त्यांना सगळे 'मापाडी' म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. मापाड्यांचा आवाज खणखणीत होता. त्या आवाजावरच त्यांना एक प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते काचेत बसवून बैठकीच्या खोलीत घड्याळाखाली टांगलं होतं.

त्याची हकीकत अशी. पूर्वी एकदा कुणीतरी चोवीसच्या जागी बेचाळीस लिहिलं आणि काडीसारख्या एका मुलाच्या घरी 'आपला पाल्य स्थूल आहे' असं पत्र गेलं. मुलाचे वडील मुलाला घेऊनच कचेरीत आले. साहेबांची फार शोभा झाली. तेव्हा मापाड्यांनी तोड काढली: मापणाऱ्यानं आकडा दोनदा मोठ्यानं उच्चारायचा आणि लिहिणाऱ्यानं तिसऱ्यांदा म्हणून दाखवायचा. 'तिहेरी उच्चार पद्धत' असं तिचं बारसं झालं, आणि मापाड्यांनी स्वतः फिरून ती सगळ्या पथकांना शिकवली. पद्धत बिनचूक होती. फक्त काट्यावर आकडा उभा राहत नाही, मूल उभं राहतं, एवढी एक गोष्ट तिच्यात धरायची राहून गेली होती.

वजन झालं की प्रत्येक मुलाला सहकार्याबद्दल क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा मिळे. संशोधनाचा भार एका बिस्किटवाल्या कंपनीनंच उचलला होता. पालकांसाठी चौसष्ट प्रश्नांचा तक्ता होता. आई कामाला जाते का? मूल किती वाजता झोपतं? टीव्हीसमोर जेवतं का? त्यात बिस्किटांविषयी एकही प्रश्न नव्हता. ज्याच्या घरचं खावं त्याच्या घरचे वासे मोजू नयेत, हा संस्कार संशोधकांवरही झालेला असतो!

दुसऱ्या दिवशी मापाड्यांचं पथक एका शाळेत गेलं. पथक म्हणजे मापाडी, वजनकाटा आणि नोंदवहीवाल्या बाई. शाळेचं मैदान मोठं होतं, पण त्यावर शेजारच्या कचेऱ्यांच्या मोटारी उभ्या होत्या. मुलं मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून त्या मोटारींकडे पाहत डबे खात. फाटकाच्या आतच दुकान होतं. तिथे रंगीत, फसफसणाऱ्या पाण्याच्या बाटल्या लहान मुलांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर मांडल्या होत्या. त्या मात्र कुणीतरी अगदी विचारपूर्वक मापून मांडलेल्या दिसत होत्या.

रांग सुरू झाली. एक गुटगुटीत मुलगी काट्याजवळ आली आणि चढण्याआधी कुजबुजली, "काका, माझं हळू सांगाल का?"

"हळू सांगितलं तर बाईंना ऐकू कसं यायचं?" मापाडी खणखणीत आवाजात म्हणाले. रांग खिदळली. "सत्तेचाळीस पूर्णांक दोन! सत्तेचाळीस पूर्णांक दोन!"

"सत्तेचाळीस पूर्णांक दोन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र पडलेला होता. मुलगी पुडा न घेताच गेली.

"मापाडी, रडत गेली हो ती."

"आकडा बरोबर लिहिलात ना?"

"लिहिला."

"मग झालं तर. पुढचा!"

काम लवकर उरकलं, म्हणून काटा खांद्याला लावून मापाडी चिमणीला आणायला तिच्या शाळेत गेले. गेल्या आठवड्यात दुसरं पथक तिथे वजनं करून गेलं होतं. मापाड्यांना ते ठाऊक होतं आणि त्या पथकाचा उच्चार स्पष्ट असतो याचं कौतुकही होतं.

शाळा सुटली. अंगाची लाही होत होती आणि चिमणी स्वेटर घालून, भिंतीला घासत घासत येत होती. तिच्या मागं दोन मुलं. एकानं छाती पुढे काढली आणि ओरडला, "एक्कावन्न पूर्णांक सहा! एक्कावन्न पूर्णांक सहा!" दुसऱ्यानं तळहातावर बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि गंभीरपणे म्हणाला, "एक्कावन्न पूर्णांक सहा." मग दोघंही हसून लोळायची बाकी राहिली.

मापाडी जागच्या जागी थिजले. 'पूर्णांक'वर ओढलेला तो हेल त्यांचा होता! दोनदा, मग तिसऱ्यांदा. दुसऱ्या पथकानं उचलला, त्यांच्याकडून या पोरांनी उचलला. पद्धत चांगली रुजली होती.

"ए, काय चाललंय!" ते धावले. पोरं पळाली. फाटकाशी उभे असलेले मास्तर हसून म्हणाले, "मुलं आहेत हो, गंमत करतात. तुमचे लोक आल्यापासून जाड्या मुलांना सगळे आकड्यानंच हाक मारतात. पाठांतर सुधारलं म्हणायचं!"

चिमणीनं वर पाहिलं. "बाबा, तुम्ही नका ओरडू. आता माझं नावच ते आहे."

घरी येईपर्यंत मापाडी रागानं धुमसत होते. चपला भिरकावत ते म्हणाले, "ताई, त्या कार्ट्यांच्या आईबापांना जाब विचारतो! माझ्या पोरीला असं बोलतात?"

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

"आज किती पोरांची वजनं केलीस?"

"दीडशे."

"ओरडून?"

मापाडी भिरकावलेल्या चपला सरळ लावू लागले.

"ती पोरं कुणाची चिमणी नव्हती? त्यांच्या वेळी तुझे कान कुठे गेले होते? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! त्या दोघांना तू जाब विचारणार? अरे गाढवा, ती पोरं तुझी शिष्य आहेत. त्यांनाही दे एकेक प्रशस्तिपत्र!"

"पण ताई, वजन जास्त आहे हे सांगायला नको? आजार आहे तो."

"सांग ना! आईला सांग, बापाला सांग, दार लावून सांग. इस्पितळात तीस वर्षं मी मुलांची वजनं केली. कुणी हसलं म्हणून एक पोर बारीक झालेलं मी पाहिलं नाही. लपून खाणारी पाहिली. उपाशी राहून चक्कर येऊन पडलेली पाहिली. तुझी चार दिवस उपाशी आहे आणि तू पेपराआडून 'उत्तम' म्हणतोस!" आत्याचा आवाज चढला. "मैदानावर मोटारी कुणी लावल्या? पोरांनी? दारात गोड पाण्याचं दुकान कुणी मांडलं? पोरांनी? त्यांना काट्यावर चढवून वर हातात बिस्किटं कोण देतं? तुम्ही मोठी माणसं पोरांचं अंगण खाता, पोरांची झोप खाता आणि वजन मात्र पोरांचं करता! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

चिमणीची आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "त्या तक्त्यात विचारलंय ना, आई कामाला जाते का? त्याच्या खाली लिहा, बाप कामाला जातो आणि काय काम करतो तेही."

मापाड्यांनी खांद्यावरचा काटा हळूच खाली ठेवला.

सकाळी कचेरीत ते साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, पद्धत बंद करा. आडोसा लावून वजन करू, आकडा चिठ्ठीवर लिहून बाईंना देऊ. आणि हे पुडे मी वाटणार नाही."

"अहो, मोठ्यानं आकडा ऐकला की मुलांना प्रेरणा मिळते! आणि पुड्यांचं म्हणाल, तर अहवाल छापायलासुद्धा गेलाय. 'पालकांची बेफिकिरी आणि मुलांचा आळस.' छान झालाय."

"अजून सात शाळांची वजनं व्हायची आहेत साहेब!"

"त्यानं काय फरक पडतो?"

मापाड्यांनी आयुष्यात प्रथमच कचेरीत आवाज चढवला, तोच खणखणीत आवाज! "साहेब, तुमचं वजन किती?"

टंकलेखकाची बोटं थांबली. शिपायानं चहाचा कप हवेतच धरला. साहेब लाल झाले. "हा काय प्रश्न झाला? इथे? सगळ्यांसमोर?"

"नाही ना सांगवत? तुम्ही पन्नाशीचे आहात. ती पोरं दहा वर्षांची आहेत!"

कुणी हसलं नाही. साहेबांनी नकळत पोटावरचं बटण चाचपलं. नोंदवहीवाल्या बाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली. "आजपासून ओरडलेला आकडा मी लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. दोघांशिवाय पथक नाही, बाकीची पथकं दुसरीकडे गुंतलेली, आणि पथकाशिवाय सात शाळा नाहीत, एवढा हिशेब साहेबांना येत होता. पुटपुटत त्यांनी आडोशाला आणि चिठ्ठीला मंजुरी दिली. पुडे मात्र वाटायचेच, म्हणाले. मापाड्यांनी दिवसाचे सगळे पुडे साहेबांच्या टेबलावर रचले, इतके की पलीकडचे साहेब दिसेनासे झाले. मग त्यांनी त्या दिवशीच्या प्रत्येक तक्त्यावर हातानं दोन प्रश्न वाढवले: 'शाळेच्या मैदानावर सध्या कोण खेळतं?' आणि 'वजन करायला आलेल्यांनी मुलाला काय खायला दिलं?' अहवालात ते छापले जातील अशी त्यांना आशा नव्हती. तरी लिहिले.

संध्याकाळी काटा घेऊनच ते घरी आले. घड्याळाखालचं प्रशस्तिपत्र उतरवलं आणि चिमणीसमोर उकिडवे बसले.

"चिमणे, ते ओरडायचं मी शिकवलं होतं. सगळ्यांना. चुकलं माझं."

चिमणी काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुम्ही चढा."

इतकी वर्षं लोकांची पोरं त्यावर चढवली, स्वतः मापाडी कधी चढले नव्हते. चपला काढल्या, किल्ल्या काढल्या, पोटही जमेल तेवढं आत घेतलं. मुलं का घुटमळतात ते त्यांना त्या वीतभर उंचीवर कळलं.

"आई, आत्या, तिकडे तोंड करा," चिमणीनं हुकूम सोडला. दोघींनी मुकाट्यानं पाठ फिरवली. चिमणीनं वाकून आकडा वाचला. आता ती ओरडली तर? तीनदा ओरडायचा तिला हक्क होता.

चिमणीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तो आकडा इतका हळू सांगितला की घड्याळाची टिकटिक त्याहून मोठी वाटली.

"मी कुणाला नाही सांगणार बाबा," ती म्हणाली. मग स्वेटर काढला आणि डबा उघडून बसली.

वाचकहो, मुलं जड होतायत ही गोष्ट खरी आहे आणि काळजीची आहे. पण त्यांना काट्यावर चढवण्याआधी आपण त्यांच्या हातात काय ठेवलं, त्यांच्या पायाखालचं मैदान कुणाला दिलं, आणि आपली जीभ किती जड आहे, हे आधी मापा. लाजेनं मूल बारीक होत नाही, लहान होतं. आणि एकदा लहान केलेलं माणूस पुन्हा मोठं करायला कुठलंच संशोधन पुरत नाही.

मापाड्यांचा आकडा किती होता, ते चिमणीनं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. आम्हीही विचारला नाही.