शिक्क्याचा कागद

अस्ताचलाकडे कललेला ताम्रवर्ण सूर्य, प्रवाळी दगडाच्या शुभ्र भिंतींची ती परमुलखातली बंदरनगरी, आणि दूर, फार दूर, अथांग निळाईपलीकडे मुंबई! इथल्या इंग्रजी कोर्टात शिक्षा, तिथल्या हायकोर्टात अपील. मधे नुसतं पाणी.

त्या पाण्यावर वाट बांधली ती इथल्या कोर्टाचे शिरस्तेदार भार्गवराव मायदेव यांनी. पूर्वी अपिलाचे कागद बंदराबंदरांतून वर्षवर्ष कुजत पडत. भार्गवरावांनी आगबोटींच्या तारखा जुळवल्या, बेटाबेटांवर कारकून बसवले, आणि कैद्याची प्रत्येक खबर त्याच दिवशी तारेने मुंबईस जावी असा नियम केला. केवढा अभिमान होता त्यांना त्या नियमाचा!

त्याच वाटेने भिवा मालणकराचं अपील गेलं. भिवा मालवणकडचा खलाशी. सोबत्याच्या खुनापायी जन्मठेप झालेला, कोठडीत तापाने फणफणलेला. भार्गवरावांचे पाय धरून तो म्हणाला होता, "रावसाहेब, माका सोडल्यानी नाय तरी चलात. पण बापाशीन खून करूक नाय, असो शिक्क्याचो कागद माज्या चेडवाक धाडा. शिक्को नसलो तर गाव मानूचो नाय."

एका निर्वात, निस्तेज दुपारी भिवा गेला. भार्गवरावांचे हात नियमाला बांधलेले. तासाभरात तार गेली: अपीलकर्ता मयत.

तीन आठवड्यांनी मुंबईच्या कारकुनाचं खासगी पत्र आलं. निकाल लिहून तयार होता. भिवा निर्दोष ठरला होता. भिवा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो कोर्टात वाचायचा होता. पण आदल्या संध्याकाळी तार पोचली, आणि मेलेल्याचं अपील चालत नाही. न वाचलेला निकाल म्हणजे निकालच नव्हे.

एक दिवस! अहो, साऱ्या सरकारचा कारभार रडतखडत चालतो. याच शिरस्तेदाराचा तेवढा वेळेवर चालायचा होता! आपणच केलं हे, असं भार्गवरावांना वाटत राहिलं, आणि ते खरंही होतं.

मावळतीच्या केशरी, कृश उजेडात त्यांनी भिवाच्या मुलीला पत्र लिहिलं. पोरी, तुझ्या बापाने खून केला नाही. मग सवयीने लाख वितळवली. कागदावर तांबडा, तप्त थेंब पडला. त्यांनी कोर्टाची मोहोर उचलली.

मोहोर फक्त वाचलेल्या निकालावर उठवायची. तोही नियम त्यांचाच.

मोहोर खाली ठेवली गेली. समुद्र काळवंडत गेला, बंदर काळवंडत गेलं, आणि उद्याच्या बोटीने जाणाऱ्या त्या कागदावरची लाख हळूहळू, कोरीच, निवत गेली.